बाटलीतली बाई

मुंबई, दि. १० जून १९८४

ति. पंचफुला आत्यास,
भाची सत्यशीलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू पाठवलेला बिब्ब्यांचा डबा पोचला. फडक्यात घट्ट बांधला होतास, तरी तेल पाझरलंच आणि माझी दोन बोटं उतली. प्रयोगशाळेतले सगळे फोड बघायला जमले. झरी गावचा प्रसाद म्हणून मी ते मिरवते आहे.

आता खरी बातमी. आमच्याकडे बाटल्यांमध्ये कर्करोगाच्या पेशी वाढवतात. परदेशातल्या एका बाईच्या स्तनात गाठ होती, तिच्या या पेशी. बाई जाऊन कित्येक वर्षं झाली, पण पेशी अजून जिवंत आहेत. दर तिसऱ्या दिवशी त्यांना खायला घालावं लागतं, माझा रविवारसुद्धा त्यातच जातो. बिब्ब्यातून काढलेला अर्क त्यांच्यावर थेंबभर घातला, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर निम्म्याहून जास्त मेलेल्या! आत्या, मी नाचले. सर म्हणाले, इतक्यात हुरळू नका.

पत्र वाचून दाखवणाऱ्या नागनाथदादालाही जयभीम. लोभ डब्यासारखाच घट्ट बांधून पाठवत जा.

तुझी,
सत्या

---

झरी, दि. २४ जून १९८४

चि. सत्यशीलास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. हस्ते नागनाथ. आई सांगते तसंच लिहितो.

इकडे सर्व खुशाल. म्हैस व्याली, तुझ्या वाटचा खरवस नागनाथच्या पोटात गेला. मास्तर झाला तरी हावरा तो हावराच.

गल्लीतली कस्तुराबाई विचारते, बिब्बा किती दिवस लावला की गाठ मरते? वरून लावायचा की पोटात घ्यायचा? न दुखणाऱ्या गाठीला लागू पडतो का? लवकर कळव.

आणि त्या बाईचं नाव काय गं? बाई गेली अन् गाठ जगते आहे, हे ऐकल्यापासून घास उतरत नाही. भुताखेतांची भीती आपण छप्पन साली सोडली. पण हे भूत नाही, खरंच आहे म्हणतेस.

तुझ्या पत्राच्या वाटेवर डोळे आहेत.

आत्या

ता. क. सत्या, आई सांगता सांगता थांबते, पदर सावरते आणि राहू दे म्हणते. काय झालंय ते मला सांगत नाही. तू विचार. – नागनाथ

---

मुंबई, दि. १ जुलै १९८४

ति. आत्यास सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. पहिल्यांदा हे ऐक: बिब्बा कुणीही लावायचा नाही, पोटात घ्यायचा नाही. बाटलीतल्या पेशींना कातडी नाही, काळीज नाही. त्यांच्यावर रॉकेल ओतलं तरी त्या मरतील. आनंदाच्या भरात एक लिहायचं राहून गेलं. तोच अर्क चांगल्या पेशींनाही मारतो.

त्या बाईचं नाव मला माहीत नाही. बाटलीवर नुसता नंबर आहे. इतक्या दिवसांत मी कधी विचारलंही नाही, याची लाज वाटली.

दादा, सोबत माझा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं एक पाकीट आहे. ते आईच्या हातात दे आणि जरा बाहेर जा.

आत्या, प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला दोन वर्षं गेलीस. आता तूच लिही. कसंही लिही. कस्तुराबाईला म्हणावं, मी घाबरले आहे.

तुझीच,
सत्या

---

झरी, दि. ९ जुलै

सत्ते,

मीच लिवायले. जोडाक्षर चुकलं तर हसू नको.

कस्तुराबाई न्हाई, मीच. होळीपासून डाव्या छातीत गाठ हाय. हरबऱ्याएवढी व्हती, आता लिंबाएवढी झाली. नागनाथ ह्याच छातीवर वाढला, पर त्याला सांगायची लाज वाटती. पत्र त्योच लिवतो, त्योच वाचतो. कसं सांगू?

तू म्हणलीस मेल्या, म्हणून बिब्बा तापवून नऊ दिस लावला. कातडं उतलं. पाणी गळायलंय, लुगडं चिकटायलंय. गाठ हाय तशीच हाय. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. तुला बोल लावत न्हाई.

लय भ्या वाटायलंय. मरायचं न्हाई एवढं. मी जाईन आन ही मागं राहील, कुण्या बाटलीत खात बसंल, त्याचं भ्या.

लवकर ये. पत्र लिवू नको, नागनाथ वाचंल.

आत्या

---

मुंबई, दि. १२ आगस्ट

चि. नागनाथास आईचे आशीर्वाद.

सत्या मला घेऊन आली तवा तुला पोटाचं दुखणं सांगितलं. ते खोटं व्हतं. गाठ छातीत हाय. लिवून टाकलं, आता हलकं वाटायलंय.

मी बिब्ब्यानं कातडं जाळून घेतलं व्हतं. डाक्टर म्हणले, जखम भरल्याबिगर चाकू लावता येत न्हाई. तीन हप्ते नुसती वाट बघितली. सत्या रोज जखम बघायची आन तोंड फिरवायची. एक दिस रडली, माझ्या पत्रानं तुला जाळलं म्हणली. मी म्हणलं, बिब्ब्यानं जाळलं, तू गप.

तिनं मला ती बाटलीतली बाई दुर्बिणीतून दाखवली. तांदळाच्या कण्या सांडल्यावानी दिसती. मी तिला जयभीम केला.

उद्या सकाळी कापणार. मी सत्याला म्हणलं, माझी गाठ बी बाटलीत ठेव, तुझं औषध तिच्यावर घालून बघ. पर नंबर नको, पंचफुला असं नाव लिव. ती खाली मान घालून म्हणली, आत्या, बहुतेकींच्या पेशी बाटलीत जगतच न्हाईत. किती जपलं तरी आठ-दहा दिसांत मरत्यात. त्या बाईची जगली, ती हजारात एक.

ती बिचारी नाराज व्हऊन सांगायली व्हती. मी मातर होळीपासून पयल्यांदा पोटभर जेवले. नागनाथ, ही गाठ मरती बी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

भ्या हायच. म्हशीकडं ध्यान दे. कस्तुराबाईचं नाव मी फुकट घातलं, तिची माफी माग. आन हे पत्र तिला, गल्लीतल्या समद्या बायांना वाचून दाखव. छाती म्हणताना लाजू नको. मोठ्यानं वाच.

तुझी आई
पंचफुला