माकोहिनचा तेविसावा अंक

८ जानेवारी २००९

घसा बसलाय. काल आमच्या जुन्या पंचांगाच्या नाताळची गाणी म्हणत घरोघर हिंडलो, बाहेर उणे तीस! नेस्तर दर घरी मला मागच्या रांगेत ढकलतो. म्हणतो, मेलान्या, तू नुसतं तोंड हलव, आवाज काढू नकोस. हलवते की! मला कुठं गायचंय? वर्षातून एकदाच ही माणसं आपणहून दार उघडतात, बैठकीत बसवतात, हातात पेला देतात — आणि मला त्यांची पुस्तकांची कपाटं बघायला मिळतात. एरवी फोन करून विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच. आईबाबा गेले, आम्ही टाकून दिलं सगळं.

या खेपेला एक घबाड मिळालं. मुलांचं चित्रांचं पुस्तक, युद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत छापलेलं. कागद पाव गुंडाळायच्या लायकीचा. शाई मिळाली दोनच रंगांची, म्हणून बोकड हिरवा आणि आभाळ विटकरी. मला तर फारच आवडलं. मालकीणबाई म्हणाल्या, न्या हो, नातवंडांना युक्रेनियन वाचता कुठं येतंय.

नेस्तरला दाखवलं तर म्हणतो, शाई संपली होती म्हणून तसं झालं, तू उगाच हुरळतेस. सभागृहाच्या माडीवरचं आमचं संग्रहालय या माणसाच्या हाती कुणी दिलं, देव जाणे.

९ जानेवारी

दोझ्याबाईंकडचं लिहायचं राहिलंच. ह्नात्यूकांची दोझ्या, मॅकग्रेगर रस्त्यावरची. शहात्तरीची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकटी राहते. त्यांच्या बैठकीत नेस्तरला एक पेला जास्त झाला आणि तो सगळ्यांसमोर सुरू झाला — मेलान्याला 'माकोहिन'चा तेविसावा अंक मिळाला की ती सुखानं डोळे मिटेल! सगळे खो खो हसले. मीही हसले, करते काय.

माकोहिन म्हणजे खसखस वाटायचा आपला लाकडी बत्ता. या नावाचं व्यंगचित्रांचं मासिक इथंच, विनिपेगमध्ये निघायचं, मी शाळेत जायच्या आधी. पाद्री, दुकानदार, समित्यांचे अध्यक्ष — दिसेल त्याला कुटायचं. एकूण चाळीस अंक. माझ्याकडे एक सोडून सगळे आहेत, आणि तो एक कुणाकडेच नाही. नेस्तर म्हणतो, तेविसावा निघालाच नाही, छापणाऱ्यानं आकडा चुकवला. मी म्हटलं, तुझ्या डोक्यातला आकडा चुकलाय. मे महिन्यात तो मासिकांचं प्रदर्शन भरवतोय. त्याच्या टेबलावर तेविसावा आपटावा आणि त्याचं तोंड बघावं, एवढीच इच्छा आहे. लहान इच्छा आहे, कबूल.

तर सगळे हसले, दोझ्याबाई हसल्या नाहीत. निघताना दारात त्यांनी हळूच विचारलं, कशाला हवाय तो अंक? मी म्हटलं, चित्रं बघायला. कोट घालताना माझी बाही उलटी झाली होती ती त्यांनी नीट केली.

१४ जानेवारी

जुन्या पंचांगाचं नववर्ष. एकटीनं डंपलिंग खाल्ले. बरे झाले होते, मीठ थोडं कमी.

२० जानेवारी

दोझ्याबाईंचा फोन! म्हणाल्या, बोर्श केलंय, ये. आणि येताना पिशवी आण.

२१ जानेवारी

काल परतायला रात्र झाली, लिहिणं राहिलं. आता लिहिते.

आधी बोर्श वाढलं, बीटाचं लालभडक सूप. मग पाव. मग पुन्हा बोर्श. मी मनातल्या मनात म्हणतेय, बाई, पिशवीचं बोला की! शेवटी उठल्या आणि वर्षातून एकदाच निघणाऱ्या नाताळच्या टेबलक्लॉथच्या खोक्यातून एक पान काढून माझ्यापुढे ठेवलं.

तेविसावा! अख्खा अंक नव्हे, पण मधलं पूर्ण पानभर चित्र, वर अंकाचा आकडा आणि तारीख — मे ५४. आपली ती समोरासमोरची, एकमेकांशी वैर धरून असलेली दोन चर्च. एका घुमटावर एक पाय, दुसऱ्या घुमटावर दुसरा, असा मध्ये फाकून उभा असलेला एक तरुण, तोंड उघडं, गातोय. कान कढईच्या कड्यांएवढे. खाली दोन्हीकडचे पाद्री एकेका घोट्याला दोर बांधून ओढताहेत. विजारीची शिवण टराटरा उसवतेय. आणि खाली एक दोन वेण्यांची मुलगी सुईदोरा घेऊन वर बघतेय. ओळ एवढीच — 'शिवण टिकेल का?'

मला हसू फुटलं. दोझ्याबाईही हसल्या. म्हणाल्या, कान खरंच तसेच होते.

मुलगी म्हणजे त्याच. तो झेनोन — छावणीतून आलेला, मागे-पुढे कुणी नाही, समोरच्या चर्चमध्ये खर्ज गायचा. हिच्यासाठी आमच्या चर्चमध्ये चोरून गायला यायला लागला. हिच्या वडिलांना पत्ताच नव्हता. त्यांना कळलं ते या चित्रावरून, शहरातल्या सगळ्यांबरोबर! ते आमच्या समितीचे अध्यक्ष. दुकानांतले सगळे अंक विकत घेतले, ज्यांच्या घरी होते त्यांच्याकडून वाचायला म्हणून मागून आणले, आणि भट्टीत घातले. पोरीनं एक पान आधीच काढून घेतलं होतं. शरद ऋतूत ह्नात्यूकांशी लग्न लागलं. झेनोन सडबरीला निकेलच्या खाणीत गेला आणि तिथंच दगडाखाली मेला. फोटो नाही. तेव्हा कॅमेरा कुणाकडे होता? या कानांवाचून त्याचं काहीच उरलेलं नाही.

मग दोझ्याबाई म्हणाल्या, "मी गेले की शवपेटीत हे माझ्या हाताखाली ठेवायचं. तूच ठेवायचंस. तोवर तुझ्याकडे राहू दे, कुणाला दाखवू नकोस."

मी म्हटलं, मुलगी आहे, मुलगा आहे, मला कशाला सांगता?

"तुला कागदाची किंमत कळते," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या पिशवीत बटाटेसुद्धा भरले.

हो म्हणून आले. त्या पानाकडे बघत असताना नाही कोण म्हणेल? शिकाऱ्याकडे ससा राखायला द्यावा तशी गत आहे माझी.

२ फेब्रुवारी

पान बघितलं. दुपारी पुन्हा बघितलं. घोट्याला बांधलेल्या दोराची गाठसुद्धा नीट काढलीय त्या माणसानं. कोण होता कुणास ठाऊक, सही नाही.

६ फेब्रुवारी

नेस्तर प्रदर्शनासाठी अंक न्यायला आला. प्रत्येक काचेत एकेक, क्रमानं मांडणार म्हणे. तेविसाव्याच्या जागी काय ठेवू, आरसा ठेवू का, म्हणजे लोकांना हसायला काहीतरी मिळेल — असं म्हणाला आणि स्वतःच हसला. पान पलंगाखाली होतं. आम्ही त्याच्यापासून पाच पावलांवर चहा पीत होतो! केक वाढायचा नाही असं ठरवलं होतं, पण वाढला.

१५ फेब्रुवारी

दोझ्याबाईंना झटका आला. दवाखान्यात आहेत. भेटायला गेले तर मुलगी रोक्सा उशाशी बसलेली होती. शहाणी बाई आहे, चाळिशीतच केस पांढरे. तिनं मला खुर्ची दिली आणि बाहेर गेली. दोझ्याबाईंना बोलायला त्रास होत होता. माझा हात धरून नुसत्या बघत राहिल्या. डोळ्यांत हसू होतं, खोटं नाही सांगत. मी म्हटलं, काळजी करू नका, लक्षात आहे माझ्या. त्यांनी हात दाबला.

१९ फेब्रुवारी

दोझ्याबाई सकाळी गेल्या.

मी वाचनालयात जाऊन रंगीत झेरॉक्स काढून आणली. काय लपवायचं, इथं तरी? जाताना रस्त्यात स्वतःला पटवत होते. मेलेल्या माणसाला खरं-खोटं काय कळतं. त्यांना हाताखाली काहीतरी हवंय, ते मिळेल. पान जगात हे एकच आहे. मातीत घालणं म्हणजे पाप नाही का? जळण्यातून वाचवलेलं पुन्हा कुजवायचं? झेरॉक्स अगदी हुबेहूब आली. जुना पिवळेपणासुद्धा उतरला. दोन पाकिटं केली.

२२ फेब्रुवारी

आज संध्याकाळची प्रार्थना. पेटी उघडी होती. दोन्ही पाकिटं पर्समध्ये, डावीकडे झेरॉक्स, उजवीकडे खरं. पक्कं ठरवून गेले होते.

निरोप घ्यायला रांग संपेपर्यंत थांबले. मुलगा पेटीजवळच उभा होता, त्याच्यासमोर कसं करणार? तेवढ्यात रोक्सानं त्याला फुलं बघायला दुसऱ्या टोकाला बोलावलं आणि दोघंही माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. नशीबच म्हणायचं.

झेरॉक्स काढली. दोझ्याबाईंच्या हातांकडे लक्ष गेलं. नखांच्या कडेला बीटाचा लाल रंग अजून तसाच, धुऊनही गेला नव्हता. त्या हातानं मला दोनदा बोर्श वाढलं होतं. आणि मी त्या हाताखाली खोटा झेनोन सरकवणार? मला माझीच अशी किळस आली की काय सांगू. बाईनं माझ्यावर विश्वास टाकला, स्वतःच्या पोरांवर नाही, माझ्यावर!

खरं पान ठेवलं. हाताखाली, नीट, चित्र वरच्या बाजूला. मग झेरॉक्सही खालच्या अस्तरात खुपसली. प्रत काढली हीच मुळात चोरी होती, ती घरी कशाला न्यायची? अर्धवट प्रामाणिकपणा मला जमत नाही. करायचं तर पुरतं.

बाहेर येऊन बर्फात उभी राहिले आणि रडले. दोझ्याबाईंसाठी थोडं, पानासाठी जास्त.

२३ फेब्रुवारी

दफन झालं. जमीन इतकी गोठलेली की खड्डा यंत्रानं काढावा लागला. सभागृहात जेवण. नेस्तर शेजारी बसला होता, म्हणाला, आज गप्प का? मी म्हटलं, तोंड हलवतेय ना?

६ मार्च

तेविसाव्याची जागा रिकामीच. नेस्तरला फोन करून सांगितलं, ठेव तुझा आरसा. त्याला बहुतेक वाईट वाटलं, कारण काहीच टोमणा मारला नाही. उलट म्हणाला, कार्डावर लिहू या — हा अंक अजून सापडलेला नाही.

खरं सांगायचं तर झोप छान लागतेय. इतकी वर्षं कागद गोळा केले, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या कचऱ्यातून, एकदा तर चक्क पाद्रीबुवांच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून. एक कागद सोडला तो हाच. जन्मात एक गोष्ट तरी धड केली असं वाटतं. दोझ्याबाई असत्या तर खूश झाल्या असत्या.

२८ मार्च

दोझ्याबाईंच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना, शनिवार गाठून दोन दिवस आधीच. मधातले गहू वाटले. रोक्सा माझ्याशी काहीतरी बोलायला आली, पण भाऊ आला तशी थांबली. म्हणाली, उद्या घरी येते.

२९ मार्च

रोक्सा आली. चहा घेतला नाही.

आईनं तिला दवाखान्यात तुटक तुटक सगळं सांगितलं होतं. झेनोन कोण, पान कुठलं. तो लोकांनी बघावा, एवढी एकच हौस आईची उरली होती म्हणे. पण आपल्या हातानं प्रदर्शनाला दिलं असतं तर आपली माणसं काय म्हणाली असती — संसार ह्नात्यूकचा आणि जीव दुसरीकडे! बाबांची मान खाली नको. म्हणून मेलान्यानं ते आपणहून ठेवून घेतलं आणि मांडलं, असं व्हायला हवं होतं.

"आई म्हणाली, ती पेटीत झेरॉक्स ठेवेल, तू तिकडे बघू नकोस. खरा कागद मातीत घालेल अशी बाईच नाही ती. म्हणून तर तिला सांगितलं. मी भावाला मुद्दाम फुलांकडे नेलं."

मग पर्स मांडीवर घेऊन सरळ बसली.

"दाखवता ना? मी त्याला अजून पाहिलेलं नाही."