ओठांत टाचण्या धरलेली बाई

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून एक चित्र पाठवते आहे. जपून उघड. भिंगरीने काढलंय. तू म्हणशील, त्यात काय नवल, पोर सदा रंगांतच असते. खरंय, आणि त्या रंगांवरच आमचं घर तरलंय. बोलत नाही, हाकेला वळत नाही, पण ब्रश हातात आला की तिचं ते गरगर फिरणं थांबतं, मनगट चावणं थांबतं, दोन घास जास्त जातात. बाईंनी वर्गाच्या कोपऱ्यात रंगांचं टेबल मांडून दिल्यापासून शाळेतही टिकून बसते. पण तिची खोड तुला माहीत आहे. चित्र होत आलं की त्यावर एकच रंग फासून सगळं गडप करते. ते मला बघवत नाही. मी उठून आत जाते.

या वेळी मात्र मी डाव साधला. ती पाणी बदलायला गेली आणि मी कागद उचलला. का, ते बघशीलच. शिवणयंत्रावर वाकलेली बाई, चष्मा नाकावर घसरलेला, ओठांत टाचण्या. ताई, ती मी आहे गं! आठ वर्षांत पोरीने माझ्या तोंडाकडे कधी धड बघितलं नाही, आणि तिला टाचण्यासुद्धा ठाऊक. मी मशीनवर डोकं टेकून रडले.

छानशी चौकट कर. शाळेच्या प्रदर्शनात लावू. तिला वर्गातून काढा म्हणून जे पालक मोठ्या बाईंच्या मागे लागलेत, त्यांनाही दिसू दे. फोन करू नकोस. घंटी वाजली की ती कान दाबून टेबलाखाली शिरते, म्हणून तो बंदच असतो. आत्ता कागद शोधत खोलीभर फिरते आहे. विसरेल. भावोजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
छोटी


९ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

चित्र पोचलं. तुझे भावोजी काच कापायची सोडून बघतच बसले. आयुष्यभर लोकांच्या लग्नाचे फोटो चौकटीत घातले, पण इतकी हुबेहूब तू! लहानपणीही तू टाचण्या तोंडात धरूनच भांडायचीस आणि आईच्या जिवाला घोर लागायचा. नाक मात्र पोरीने तुझ्यापेक्षा बरं काढलंय. मावशीचं घेतलं असणार.

तपकिरी चौकट, पांढरी कड, वर काच, असा थाट केलाय. तूर्त दुकानाच्या दर्शनी भागात ठेवलंय. येणारा-जाणारा थांबतो. एका डॉक्टरीणबाईंनी विकत मागितलं. मी सांगितलं, भाचीचं आहे, विकाऊ नाही. प्रदर्शनाआधी पोचतं करते. वेळेवर जेवत जा आणि आम्हाला आठवत जा.

तुझी
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. चित्र उचललं त्या दिवसापासून भिंगरीने ब्रशला हात लावलेला नाही. टेबलाशी जाते, कागद होता ती जागा तळहाताने चाचपते, कपाटामागे बघते, पुन्हा टेबलाशी येते. नवा कागद लावला तर तो उचलून जमिनीवर ठेवते. पुन्हा ते फिरणं. मनगटाला जखम झालीय. मी पट्टी बांधते, ती सोडते. माझाही पाय एका जागी ठरत नाही. शिवायला घेतलेल्या सदऱ्याला काल मी दोन्ही बाह्या उलट्या लावल्या.

मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. म्हणाल्या की ती वर्गात किंचाळते, बाकीची मुलं घाबरतात. महिनाअखेरपर्यंत वाट बघू, नाहीतर घरीच ठेवावं लागेल. घरी म्हणजे कुठवर, ताई? हे म्हणतात, विसरेल चार दिवसांत. ती विसरणाऱ्यांतली नाही. तिच्या लेखी तो कागद अर्धा राहिलाय. हातचं काम सोड आणि तो पाठव. मग लोभाचं बोलू.

छोटी


१९ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

राग मानू नकोस, पण चित्र पाठवत नाही. पाठवलं की काय होणार ते तूही जाणतेस. मुलांच्या प्रत्येक हट्टापुढे मान तुकवली की ती डोक्यावर बसतात. आमची दोन्ही बसलीच आहेत. तिलाही हातचं सोडायला शिकू दे.

आणि खरं सांगू? मला काळजी तुझी आहे. पोर तुला ओळखते का, असं लोक विचारतात आणि तू हसून विषय बदलतेस. ते हसणं मला बघवत नाही. आता काचेमागे पुरावा आहे, तो राहू दे. सोबत रंगीत प्रत पाठवते आहे, तिच्यावर खुशाल रंग फासू दे. मोठी आहे म्हणून बोलले, समजून घे.

ताई


२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रत तिने हुंगली, एकदा बोट फिरवलं आणि खाली टाकली. कुणाला फसवतोय आपण?

पुराव्याचं लिहिलंस ते खरं आहे, म्हणूनच झोंबलं. हवा होता मला पुरावा. पण आज मी जवळ गेले तर पोर भिंतीला चिकटून मागे सरकली. ओळख दाखवणारं चित्र तुझ्या दुकानात आणि माझी पोर माझ्यापासून लांब. दुकानाला शोभाच हवी असेल तर मीच येऊन काचेत बसते, टाचण्यांसकट. कागद पाठव.

छोटी


२४ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

कागद घेऊन तुझे भावोजी स्वतःच निघालेत. लावलेली चौकट मीच उघडली, या धंद्यात पहिल्यांदाच. मी चुकले असेन. पण काय झालं ते कळव, नाहीतर मला अन्न गोड लागणार नाही.

ताई


२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी शाळेचं. आज ती वर्गात बसली, रंगांच्या टेबलाशी, सुट्टी होईपर्यंत. मोठ्या बाई अजून बघू म्हणतात. बघू तर बघू.

भावोजींना पाणी विचारायच्या आत भिंगरीने त्यांच्या हातातला पुठ्ठा घेतला. कागद टेबलावर ठेवला, कडा बोटाने सरळ केल्या आणि निळा कालवला. माझे पाय सवयीने आत निघाले होते. पण या खेपेला मी स्टूल ओढून बसले. मोठ्या ब्रशने खिडकी गेली, भिंत गेली, मशीन गेलं. पोर गुणगुणत होती. मग चित्रातल्या माझ्यापाशी आली आणि थांबली.

मोठा ब्रश तिने बाजूला ठेवला. सगळ्यांत बारीक होता तो घेतला. त्याने माझे केस झाकले, एकेक रेघ करून. मग चष्मा. मग ओठांतल्या टाचण्या, एकेक, अशा हलक्या हाताने की माझ्याच तोंडातून काढून ठेवतेय असं वाटलं. दिवे लागले तरी तिचं चाललं होतं. भावोजींचा चहा गार झाला. तेही हलले नाहीत. ताई, मी समजत होते ती पुसते.

ती झोपल्यावर मी कॉटखालची तिच्या जुन्या कागदांची थप्पी बाहेर काढली. सगळे एकरंगी. दर वेळी मी उठून आत गेले होते. त्यांतल्या किती कागदांखाली मी आहे, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण आहे गं मी.

भावोजी उद्या निघतील. तुझा राग नाही, माझाही ठेवू नकोस.

तुझीच
छोटी