दोन पार्क, तीन रजा

३ एप्रिल
कन्या जूनमध्ये हॉस्टेलवर जाणार. त्याआधी एक सहल. माझी कल्पना: थीम पार्क. हिचं म्हणणं, आधी तिला विचारा. म्हटलं, थीम पार्क न आवडणारं मूल अजून जन्मायचंय.
पार्क दोन. टेकडीवरचं आणि तळ्याकाठचं. ही म्हणाली, कुठलंही ठरवा. मी एकोणीस वर्षं खरेदी विभागात आहे, 'कुठलंही' नावाची वस्तू आम्ही घेत नाही. तुलनात्मक तक्ता करणार.
कन्या हल्ली माझ्याशी 'हो', 'नाही' आणि 'चार्जर कुठंय' एवढंच बोलते. सहलीत भरपूर गप्पा मारायच्या. संकल्प.

५ एप्रिल, सकाळी ७
तक्ता तयार. एकेचाळीस रकाने. कन्येला दाखवला. छान आहे म्हणाली. चार्जर मागितला.

९ एप्रिल
वेबसाइटवर दोन्हीकडची माणसं सारखीच हसतायत. नुसता कॅटलॉग बघून आम्ही साधी खुर्ची घेत नाही. प्रत्यक्ष पाहणी हवी. रजा तीन शिल्लक. एक टाकतो, सहलीला दोन पुरे. घरी बोललो नाही, उगाच फाटे फुटतात.

१० एप्रिल
टेकडी. रोजच्या वेळी डबा घेऊन निघालो. इस्त्रीचा शर्ट, बूट. मोठ्या पाळण्यात एकट्याला बसू देत नाहीत, म्हणून एका अनोळखी गृहस्थांशेजारी बसवलं. वर गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. मीही धरला असावा. उतरल्यावर दोघांनीही ओळख दाखवली नाही.
पार्क उत्तम.

१५ एप्रिल
एकाचीच पाहणी म्हणजे पक्षपात. दुसरी रजा. तळं. हेही उत्तम. पण मोठी घसरगुंडी दुरुस्तीसाठी बंद. सव्विसावा रकाना कोरा.
नाक का भाजलं, असं हिने विचारलं. ऑफिसचा एसी बिघडलाय म्हणालो.

१८ एप्रिल
हिचा भाऊ चोवीसला गाडी घेऊन येतोय. दोन दिवसांची सहल. ठिकाण सांगा, हात जोडते, असं ही म्हणाली. आणि खरंच जोडले.
कन्येची हॉस्टेलची बॅग दुकानातून आली. दारातच ठेवलीय. ही सहल फसून चालणार नाही. सव्विसावा रकाना भरायलाच हवा.

१९ एप्रिल
तळं, पुन्हा. घसरगुंडी चालू. खात्री करण्यासाठी चारदा गेलो. चौथ्यांदा शर्टाची दोन बटणं गेली. तक्ता पूर्ण.
दोन्ही पार्कांना समान गुण.
रजा संपली, पण साहेब समजूतदार आहेत.

२१ एप्रिल
साहेब समजूतदार नाहीत. तीन रजा कशासाठी घेतल्या, विचारत होते. खासगी काम म्हणालो. मग ते झालं, आता ऑफिसचं करा, म्हणाले. पाया पडायला वाकलो. पेन पडलंय का, म्हणाले.

२३ एप्रिल
घरी सगळं सांगून टाकलं. ही आधी हसली. मग हसायची थांबली, ते जास्त वाईट होतं. मेहुण्याने नाणं उडवलं. तळं निघालं. अर्ध्या मिनिटात.
कन्येने चार्जरसुद्धा मागितला नाही.

२४ एप्रिल, दुपारी १२:४०
ऑफिस. आत्ताच कन्येचा फोन येऊन गेला. आपणहून केला!
ही आणि मेहुणा घसरगुंडीवर, ती बाकावर, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. मी लगेच कुठली रांग लवकर सरकते ते सांगायला लागलो. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, मला लहानपणापासून चक्कर येते, मी यातल्या कशातच बसत नाही.
हे हिला माहीत होतं. मेहुण्यालाही.
म्हणून तर तू हवा होतास, म्हणाली. दोघं बाकावर बसलो असतो, गप्पा मारल्या असत्या.
म्हटलं, आता मारू या. बोल ना, म्हणाली.
मी एकेचाळीस रकाने आठवून पाहिले. शेवटी जेवलीस का विचारलं. हो म्हणाली. तेवढ्यात मामा आला म्हणून तिने फोन ठेवला.