भिंगडोळ्या

४ जानेवारी

चि. सौ. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आघाडीवरून जावईबापूंचं पत्र नाही म्हणून तू हवालदिल झालीस, तर समजूत काढायला माझ्याजवळ एकच वाक्य आहे. वाईट बातमी कळवायला सरकार कधी उशीर करत नाही. हे मी स्वतःलाही रोज सांगतो, आणि तरी टपालवाल्याची चाहूल लागली की ब्रश टाकून दाराशी जातो.

इथे हवाई हल्ल्याच्या धास्तीने कचेरीच्या खिडक्यांना काळा कागद लावलाय. भरदिवसा दिवा लावून बसतो आणि मुलांच्या चित्रकथांच्या मासिकासाठी युद्ध जिंकतो. तू नेहमी चिडवतेस, की मुखपृष्ठ काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण ऐक तरी. अंक दुकानातल्या दोरीला चिमट्याने लटकलेला असतो. तो पोराला रस्त्यापलीकडून कळला पाहिजे, म्हणून सगळं खुणांनी बोलायचं. नायकाची मूठ लालभडक. मागे पिवळं आभाळ, म्हणजे पहाट, म्हणजे आपण जिंकणार. पायाशी तुटकी साखळी. नायक डावीकडून उजवीकडे धावतो, कारण वाचणाऱ्याची नजरही तशीच धावते. शत्रू उलटा येतो, त्यामुळे बघताक्षणीच तो वाट अडवणारा वाटतो.

शत्रूचे साप, कोळी, गिधाडं, सगळं काढून झालं होतं. या खेपेला त्यांच्या सेनापतीच्या एका डोळ्यात काळ्या नळीचं भिंग बसवलं. डोळाच नाही, नुसती काच. दिसतं सगळं, कळवळा कशाचाच नाही. सुचलं ते चित्रांचे छपाईचे ठसे करणाऱ्या आमच्या ब्लॉकवाल्याकडे बघून. तो दिवसभर असंच भिंग लावून जस्ताच्या पत्र्यावरचे ठिपके तपासत असतो. त्याला सांगितलं, तर म्हणाला की माझा फोटो छापलास, आता चहा पाज. पोरांनी या सेनापतीचं नाव भिंगडोळ्या ठेवलंय आणि अंक हातोहात संपला. भाचीसाठी एक वेगळा पाठवतोय. तिला सांग, मामाने स्वतः काढलाय.

जेवणाची हेळसांड करू नकोस. राग नाकावर असू दे, लोभ पोटात.

तुझा,
दादा

१९ जानेवारी

ती. मामास,
बाळीचा साष्टांग नमस्कार.

अंक मिळाला. शाळेत सगळ्यांना दाखवला. माझा मामा आहे हे कुणाला खरं वाटत नव्हतं.

एक गुपित आहे, आईला सांगू नकोस. आमच्या गल्लीतच एक भिंगडोळ्या आहे. तो म्हातारा आहे आणि घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या डोळ्याला अगदी तसंच भिंग असतं. शेजारच्या काकू म्हणाल्या की तो मूळचा तिकडचाच, शत्रूच्या मुलखातला. त्याच्या दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवतात. ती नक्की खूण असणार. आम्ही टोळी केली आहे आणि डोळ्यात तेल घालून पहारा करतो. तू काढलेलं चित्र त्याच्या दारावर खळीने चिकटवलं. तो पकडला गेला की लढाई लवकर संपेल आणि बाबा घरी येतील.

मामा, एक विचारायचं आहे. भिंगडोळ्याला मारायचं कुठे? चित्रात नायक भिंगावरच बुक्की मारतो. तेच बरोबर ना? लवकर कळव.

तुझी लाडकी,
बाळी

२४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, समजून घे. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये.

आमच्या गल्लीत एक घड्याळजी आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. परवा शाळा सुटल्यावर पोरांनी त्यांना दगड मारला. तेव्हा ते भिंग लावून काम करत होते. दगड नेमका भिंगावर बसला आणि काच डोळ्यात गेली. मी शाळेत शिकवून घरी येत होते. म्हाताऱ्याच्या दोन्ही हातांच्या ओंजळीतून रक्त गळत होतं, आणि तरी ते टेबलावरचे बारीक स्क्रू सांडू नयेत म्हणून कोपराने वाटी सावरत होते. डॉक्टर म्हणतात, पट्टी सुटेपर्यंत काही सांगता येत नाही.

घरी आल्यावर बाळीला विचारलं, की तू होतीस का तिथे. ती म्हणाली, दगड मी नाही मारला. मी फक्त कुठे मारायचा ते सांगितलं.

दादा, तिने तुला विचारलं होतं म्हणे. तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा तिने चित्रावरून ठरवलं.

मोठी माणसं काही वेगळी नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावर चिकटवलेल्या त्या चित्रावर कुणीतरी डांबराने ‘हेर’ असं लिहिलं. पोलीस आले, त्यांनी दगड मारणाऱ्यांची चौकशी केलीच नाही, घड्याळांची खोकी मात्र उपसून बघितली. किराणा दुकानदार घड्याळजींना साखर नाही म्हणून सांगतो. आणि खरं लिहू? यांचं पत्र येत नाही, तेव्हा मलाही कुणावर तरी दगड उचलावासा वाटतो. फक्त मला कुणी नेम दाखवलेला नाही.

तू हे थांबव. कसं ते तुझं तू बघ.

रागात असले तरी तुझीच,
ठमी

२९ जानेवारी

चि. सौ. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

बाळीचं पत्र माझ्याकडे आलं होतं. वाचून हसलो, ब्लॉकवाल्यालाही वाचून दाखवलं आणि रविवारी सवडीने उत्तर लिहू म्हणून खणात टाकलं. यापुढे काय लिहू?

तुझं पत्र घेऊन संपादकांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा धाकटा भाऊ या लढाईतच गेलाय, तेव्हा त्यांना काळीज नाही असं म्हणवत नाही. म्हटलं, भिंगडोळ्या मारून टाकू. ते म्हणाले, तो आता तुझा राहिला नाही, पोरांचा झालाय. मग म्हटलं, पुढच्या अंकात नायकच भिंग लावून बॉम्बच्या तारा सोडवतोय असं काढतो. त्यांनी मान हलवली. मग पोरं विचारतील, यातला आपला कोण? आणि अगदी हळू म्हणाले, की शत्रूला माणसाचा डोळा दिला तर त्याची कीव येईल, आणि सध्या कीव परवडत नाही.

मी मुखपृष्ठ काढणार नाही म्हणून सांगितलं. आता आतल्या पानांच्या चौकटी आखतो. पण ठमे, मी सोडलं म्हणून भिंगडोळ्या मेला नाही. ते काम शेजारच्या टेबलावर गेलं, आणि तिथल्या चित्रकाराने तर भिंगातून थेंब थेंब रक्त ठिबकवलंय. देखणं काम आहे. माझ्यापेक्षा सरस. काळ्या कागदाच्या खोलीत मी नुसत्या येरझारा घालतो, आणि ब्लॉकवाला माझ्याकडे बघून भिंग काढून ठेवतो.

पुढच्या आठवड्यात सुट्टी घेऊन येतो. रंग, ब्रश घेऊनच येतो. घड्याळजींच्या दुकानाचं ते दार मी स्वतः घासून रंगवीन. त्यावर काय काढू ते त्यांना विचार. झाड काढू का? पाखरं? पोरांना दुरून बघून आवडेल असं काहीतरी.

रागाव, पण तुटू नकोस.

तुझा,
दादा

५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घड्याळजींची पट्टी सुटली. डोळा वाचला, पण धूसर दिसतं. मनगटी घड्याळं आता होणार नाहीत, भिंतीवरची होतील, असं ते म्हणाले, जणू हवापाण्याबद्दल सांगत होते.

शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून वह्या तपासते. मास्तरीणबाईंसमोर दगड मारायची कुणाची छाती नाही. बाळीलाही नेते. पहिल्या दिवशी ती माझ्या पदराआड होती. दुसऱ्या दिवशी तिने सरळ विचारलं, की तुम्ही हेर आहात का. ते म्हणाले, मी इकडे आलो तेव्हा तुझ्याहून लहान होतो. तिकडची भाषासुद्धा विसरलो, फक्त आकडे मोजताना चुकून तोंडात येतात. मग तिने नेम आपणच सांगितल्याचं सांगून टाकलं. त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. म्हणाले, आज तू घरी जा. ती रडत गेली. मी समजूत काढली नाही. काल आपण होऊन परत आली, तेव्हा त्यांनी तिला जा म्हटलं नाही आणि ये पण म्हटलं नाही. ती अजून त्यांना आजोबा म्हणत नाही, पण भिंगडोळ्याही म्हणत नाही.

यांचं कार्ड आलं. अक्षर दुसऱ्याचं आहे. हात दुखावलाय म्हणून लिहवून घेतलं, काळजीचं कारण नाही, एवढंच. किती दुखावलाय ते नाही. बाळी कार्ड घेऊन झोपते, आणि मी खिडकीशी उभी राहते.

तुझा निरोप घड्याळजींना सांगितला, झाड, पाखरं सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, चित्र नको. भावाला सांगा, गल्लीतल्या बाकीच्या दारांना जो रंग आहे तोच द्या.

इथली सगळी दारं तपकिरी आहेत, दादा. तेवढाच डबा आण.

तुझी,
ठमी