शलाकाविरुद्ध नऊ मतं

सोमवार, २ मार्च २०२६. सकाळी ९.२०
आधी दुरुस्ती. परवाच्या नोंदीत मी लिहिलं की अॅमस्टरडॅममध्ये महापौर आणि नगर परिषदेची अचानक निवडणूक लागली आहे. यात तीन चुका आहेत. एक, अचानक काही लागलेलं नाही. १८ मार्च ही तारीख कधीचीच ठरलेली होती, मला शनिवारी कळली. दोन, इथे महापौराला लोक निवडत नाहीत, त्याची नेमणूक होते. तीन, ‘शलाका महापौर होणार’ हे वाक्य खोडावं. आमच्या मराठी मंडळातली शलाका एका छोट्या पक्षाच्या यादीत एकोणिसावी आहे. फार तर नगरसेविका होईल. तेही पुरेसं वाईट आहे.

चुकीचं लिहिलेलं तसंच ठेवायचं नाही, ही बाबांची शिकवण. दम्यामुळे दुसरीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. बाबा कराडला शिक्षक, ते संध्याकाळी घरीच शिकवायचे. दर निवडणुकीला त्यांना ड्यूटी लागायची, त्यामुळे मी वाचायला शिकले ती मतदार याद्यांवरून. तेव्हा निवडणूक या विषयातलं या शहरातल्या मराठी लोकांमध्ये माझ्याइतकं कुणाला कळत असेल असं वाटत नाही. (महापौराचं सोडून.)

मुद्दा वर्गाचा आहे. तीन वर्षं दर शनिवारी दहा ते बारा मी आमच्या वस्तीच्या हॉलमध्ये मराठीचा वर्ग घेते. अकरा मुलं. (वहीत अकरा. येतात सात.) काल शलाकाचं पत्रक दारात पडलं. ती निवडून आल्यास हा हॉल दर शनिवारी ‘सर्व शेजाऱ्यांसाठी खुला’, सोबत न्याहारी. वेळ दहा ते बारा.

निश्चय: शलाका निवडून येता कामा नये. शांतपणे, सभ्यपणे, नियमात राहून.

मंगळवार, ३ मार्च
पोस्टाने स्टेमपास आला. हा असल्याशिवाय मत देता येत नाही. यतीनचाही आला. तो म्हणाला, शलाकाने तुझं नेमकं काय वाकडं केलंय? मी म्हटलं, दिवाळीच्या कार्यक्रमात तिने माइकवरून माझ्या वर्गाला ‘गोड उपक्रम’ म्हटलं. तो म्हणाला, मग?

‘गोड’मधला अपमान ज्या नवऱ्याला कळत नाही त्याच्याशी जेवणापर्यंत बोलले नाही. नंतर त्यालाही मत आहे हे लक्षात आलं. बोलले.

गुरुवार, ५ मार्च
बाबांचा फोन. म्हणाले, अपू, समोरच्याबद्दल वाईट बोलून निवडणूक जिंकता येते, पण झोप लागत नाही. पटलं. शलाकाबद्दल एक वाईट शब्द काढायचा नाही. फक्त वर्ग किती महत्त्वाचा आहे एवढंच पालकांना सांगायचं. लोक हुशार असतात, कुणाविरुद्ध ते त्यांना आपोआप कळतं.

शलाकाचा स्वभाव उथळ आहे, हे वाईट बोलणं नाही. निरीक्षण आहे.

शनिवार, ७ मार्च
हॉलमध्ये शलाकाची सभा. हॉलची देखभाल दामोदरकाका करतात. ते भारतीय वंशाचे सुरिनामी, आमच्याशी हिंदीत बोलतात. त्यांनी आमचा वर्ग मागच्या खोलीत टेबलटेनिसच्या टेबलाभोवती बसवला. ‘एक ही महीना, बेटी.’ मी ‘ळ’ शिकवत होते. भिंतीपलीकडे टाळ्या.

मध्येच शलाका स्ट्रूपवाफल बिस्किटांचं ताट घेऊन आत आली. म्हणाली, ‘अगं अपूर्वा, पोरांना उपाशी ठेवतेस की काय? आणि या अडगळीत काय बसलात? मला सांगायचं ना.’

जिने जागा घेतली तिलाच जागेबद्दल सांगायचं होतं म्हणे. मुलं तिला एका सुरात ‘थँक यू ताई’ म्हणाली. मी ‘बाळ’ म्हणा म्हटलं तर माझ्याशी डचमध्ये वाद घालतात.

रविवार, ८ मार्च
आज एक फार चांगली गोष्ट घडली. वर्गातल्या एका मुलीची आई शुभदा भेटली. म्हणाली, अठराला मी लांब ब्रेडा शहरातल्या ऑफिसात, यायला रात्र होईल, मत राहिलंच बघ. इथे सोय अशी आहे की स्टेमपासच्या मागे सही करून दिली की आपलं मत दुसरं कुणी देऊ शकतं. मी म्हटलं, दे माझ्याकडे, मी करून आणते. ती म्हणाली, ‘देवासारखी भेटलीस. मला नाहीतरी त्यातलं काही कळत नाही.’

आमच्या आळीत असंच चालायचं. रेशनकार्डाचं काम असो की दाखल्याचं, एक जण जायचा आणि दहा घरांचं करून यायचा. त्याला सगळे चहा पाजायचे.

मग वाटलं, एकटी शुभदाच का? बाकीच्या पालकांनाही कामं असतातच.

मंगळवार, १० मार्च
चार पास. प्रत्येक घरी एकच वाक्य: या निवडणुकीत खरा प्रश्न एकच, शनिवारचा वर्ग. सगळ्यांनी मान डोलावली. जयेशच्या घरी थोडा वेळ लागला. त्याची जुळी वर्गात आहेत. म्हणाला, ‘पण तू मत देणार कुणाला?’ मी म्हटलं, ते माझ्यावर सोपवा. तो म्हणाला, ‘म्हणजे ईव्हीएम तूच.’

हसले नाही. मतदान ही थट्टेची गोष्ट नाही.

शुक्रवार, १३ मार्च
नऊ पास. बिस्किटांच्या डब्यात ठेवले आहेत. वर्गाच्या हजेरीपेक्षा दोन जास्त. पूर्णिमाने तर सही करताना विचारलंसुद्धा नाही की कशावर करतेय. वर्गावर लोकांचा एवढा विश्वास आहे हे मलाच माहीत नव्हतं.

यतीनचा पास मागितला. तो म्हणाला, माझं मत मी स्टेशनवरच्या केंद्रात देईन, ट्रेन पकडता पकडता. घरात विश्वास सगळ्यात शेवटी येतो.

शनिवार, १४ मार्च. दुपारी
वर्गात चार मुलं. उरलेली शलाकाच्या सभेत, कारण तिथे पॅनकेक होते.

बुधवारचं मतदान केंद्र याच हॉलमध्ये आहे आणि दामोदरकाका तिथल्या कर्मचाऱ्यांत आहेत. म्हणून त्यांना सहज विचारलं की नऊ मतं एकदम द्यायची असतील तर सकाळी साडेसातला यावं की गर्दी ओसरल्यावर. डबाही दाखवला.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, ‘बेटी, दो. सिर्फ दो. वो भी अपने वोट के साथ.’ म्हणजे दुसऱ्यांची फक्त दोन, तीही स्वतःचं मत देतानाच. मग विचारलं, लोकांनी आपणहून दिले की तू मागितलेस? मी खरं ते सांगितलं. घरोघरी जाऊन मागितले, कुणावर जबरदस्ती केली नाही.

त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, असे पास गोळा करत फिरण्याला डचमध्ये एक शब्द आहे आणि त्या शब्दाला शिक्षा आहे. मग एकेक पास उलटून बघत त्यांनी चार बाजूला काढले. ‘और ये तो अॅमस्टेलवेन के हैं.’ अॅमस्टेलवेन ही वेगळी महापालिका. त्या चार घरांना आमच्या शहरात मतच नाही. मुलं इथे वर्गाला येतात म्हणून मी त्यांना इथलंच धरलं होतं.

म्हणाले, मी काही पाहिलेलं नाही. बुधवारच्या आत सगळे परत कर. आणि हे कुठे लिहून ठेवू नकोस.

रविवार, १५ मार्च
ऑगस्टमध्ये आमचा नागरिकत्वाचा अर्ज जायचा आहे. त्यात गुन्ह्याबद्दल विचारतात.

यतीनला सांगितलं. तो म्हणाला, ‘तू तर सिग्नल हिरवा असला तरी दोनदा बघून सायकल नेतेस.’ म्हणजे काय ते विचारलं नाही. बाबांना सांगणार नाही. त्यांनी शिकवलेल्यात चूक नव्हती. भारतात शेजाऱ्याचं मत देण्याची अशी सोयच नाही, मग ते तिच्याबद्दल काय शिकवणार? दोष सोयीचा आहे.

सोमवार, १६ मार्च
सायकलवरून नऊ घरं. समोरून वारा, परत येताना पुन्हा समोरूनच. सगळीकडे सांगितलं की मी विचार केला, लोकशाहीत प्रत्येकाने स्वतः जायला हवं. हे खोटं नाही. विचार शनिवारी केला एवढंच.

जयेश म्हणाला, ‘काय गं, मशीन बिघडलं?’ शुभदा म्हणाली, ‘आता ऐनवेळी? मी ब्रेडाला आहे म्हटलं ना तुला.’ पूर्णिमा म्हणाली, ‘मग घरोघरी मिरवलंस कशाला?’ अॅमस्टेलवेनच्या एका बाईंनी मला चहा पाजला आणि विचारलं, आमचं देऊन झालं का?

निष्कर्ष: वाईट वाटायचं कारण नाही. पास परत गेले तरी मुद्दा घरोघरी पोचला आहे. शिवाय माझं स्वतःचं मत आहेच. एका मताने निवडणुका फिरतात. बाबांनी दोन उदाहरणं सांगितली होती, आठवत नाहीत.

बुधवार, १८ मार्च. सकाळी ८.१५
मत दिलं. मतपत्रिका उघडली तर जवळजवळ सतरंजी. शेकडो नावं, प्रत्येकापुढे एक छोटा गोल, हातात लाल पेन्सिल. पडद्याआड उभी राहिल्यावर कळलं की गेले सोळा दिवस मी कुणाला मत द्यायचं नाही हे ठरवत होते. द्यायचं कुणाला हे ठरवायचं राहून गेलं. आणि ‘नको’ म्हणायला त्या एवढ्या कागदावर कुठेही गोल नाही.

बाबांचे दोन नियम आठवले. मत कोरं सोडायचं नाही. आणि ज्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, ज्याच्या घरी जाऊन जाब विचारता येईल, त्यालाच द्यायचं. अख्ख्या कागदावर मी डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच होता. बाहेर रांग. दामोदरकाका खोकले. ते मलाच उद्देशून खोकले असावेत.

गोल रंगवला. रेषेबाहेर न जाता. कुणाचा ते लिहीत नाही. मतदान गुप्त असतं.

गुरुवार, १९ मार्च. पाडवा
शलाका पडली. तिच्या पक्षाला एकच जागा मिळाली, ती यादीतल्या पहिल्या माणसाला गेली. विजय. श्रीखंड केलं. यतीन म्हणाला, कशाबद्दल, पाडव्याबद्दल की? मी म्हटलं, पाडव्याबद्दल.

वर्ग वाचला. शांतपणे, सभ्यपणे. नियमांबद्दल शनिवारची नोंद पाहावी.

शनिवार, २१ मार्च
वर्ग पुन्हा मोठ्या हॉलमध्ये. नऊ मुलं, तीन वर्षांतला उच्चांक. पालकही थांबले होते, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

अकरा वाजता शलाका आली. इथे केंद्रानुसार, उमेदवारानुसार मतं जाहीर करतात. तिने छापून आणली होती. म्हणाली, ‘या हॉलमध्ये मी चार सभा घेतल्या. दोनशे माणसांना खाऊ घातलं. आणि इथल्या पेटीत मला मतं किती? एक.’

जयेश छताकडे बघत होता. पूर्णिमा पर्समध्ये काहीतरी शोधत होती. मला न्यायला आलेला यतीन म्हणाला, ‘मी स्टेशनवर दिलं, ताई,’ आणि एवढ्यावरच थांबला. शलाकाने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, माझ्यावरून नजर सरळ पुढे गेली. मग ती दामोदरकाकांकडे गेली आणि त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाली, ‘काका, मला माहितीये. तुम्हीच.’ दामोदरकाकांनी नाही म्हटलं नाही. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवशी मला पडद्याआड इतका वेळ कशाला लागला, हे बहुतेक त्यांना आता कळलं.

मी बोलू शकले असते. पण मतदान गुप्त असतं.

मग ती म्हणाली, ‘जाऊ दे. हरले, पण एक शिकले. ज्या घरी गेले तिथे एकच ऐकलं. शनिवारचा वर्ग, शनिवारचा वर्ग. सगळ्यांचं एकच वाक्य, जसं कुणी पढवून ठेवलंय. म्हटलं, लोकांना हवंय तरी काय ते मला आधी कळलं असतं तर. आता माझे शनिवार मोकळेच आहेत. यापुढे वर्ग मी बघते. अपूर्वा, तू एकटी किती ओढशील गं? तू हजेरी घे.’

टाळ्या. शुभदा म्हणाली, ‘बरं झालं बाई, अपूर्वावर फार लोड येत होता.’ जयेशची जुळी डचमध्ये विचारत होती की दर वेळी पॅनकेक असतील का. शलाका म्हणाली, मराठीत विचारलंत तर असतील. दोघांनी मराठीत विचारलं. ‘ळ’सकट.

रविवार, २२ मार्च
रात्रभर विचार केला. हे असं चालू द्यायचं नाही. तिला स्पष्ट सांगायचं की वर्ग माझा आहे, तीन वर्षं मी उभा केलाय, आणि हजेरी कुणीही घेऊ शकतं.

कालच सांगणार होते, पण टाळ्या चालू होत्या. आज मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम, तिथे सगळ्यांसमोर बरं दिसत नाही. येत्या शनिवारी तिचा पहिला तास, पहिल्याच दिवशी माणसाला असं बोलू नये. ४ एप्रिलला ईस्टरची सुट्टी. ११ एप्रिलला ती मुलांना पवनचक्क्या बघायला नेणार आहे. त्याची यादी, पालकांची संमती आणि अॅलर्जींचा तक्ता माझ्याकडे आहे, तो अर्धवट टाकणं बरोबर नाही.

तेव्हा शनिवार, १८ एप्रिल, सकाळी पावणेदहा, मुलं यायच्या आधी. किंवा हजेरी घेऊन झाल्यावर.