साहेबाची टोपली

१८ फेब्रु. १९७९
बाबा सकाळच्या नरखेड गाडीने आले. हॉस्टेलच्या दारात घाम पुसत उभे, पायाशी संत्र्यांची टोपली. गुरुवारी कळमेश्वरच्या कारखान्यात उन्हाळी ट्रेनिंगचा इंटरव्ह्यू. तिथं नीट काम केलं की पुढं नोकरीही तिथंच लागते, म्हणून सगळा वर्ग टपलेला.
"साहेबाच्या घरी नेऊन दे. मृगाचा बहार हाय, नुसती साखर."
"बाबा, याला लाच म्हणतात."
"लाच काहून? रिकाम्या हातानं कोनाच्या घरी जातेत काय गा?"
इंटरव्ह्यू घेणारे साहेब शहरातल्या सदर भागात राहतात हे त्यांनी कुठून काढलं कोण जाणे. हो म्हटलं आणि त्यांना परतीच्या गाडीत बसवलं.

१९ फेब्रु.
सायकलच्या कॅरिअरला टोपली बांधून सदरला. बंगला सापडला. फाटकाची कडी काढणार, तेवढ्यात मागून वर्गातला सुधाकर.
"संत्रे विकून राहिला का बे?"
मोठ्यांदा हसला. म्हटलं, हॉस्टेलसाठी नेतोय. तसाच परत फिरलो. पोरांनी टोपलीचा फडशा पाडला. मीही खाल्ली. फार गोड होती. बाबांचा राग येत होता आणि खातही होतो. निर्लज्ज.

२२ फेब्रु.
इं. झाला. आठवडाभर सुधाकरबरोबर घोकलेलं इंग्रजी तोंडातच राहिलं. साहेबांनी सरळ मराठीत विचारलं, घरी शेती? विहिरीवर पंप? मधेच पाणी ओढायचं का थांबतो तो? मग मी जो सुटलो... पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह, गळका पाइप, सगळं. साहेब कान देऊन ऐकत होते. बाहेर आल्यावर सुधाकरला मात्र सांगितलं, थर्मोडायनॅमिक्स विचारलं. पंपाचं सांगायला काय झालं होतं?

२७ फेब्रु.
निवड! सुधाकरचं नाव नाही. घरी कार्ड टाकलं. संत्र्यांबद्दल एक अक्षर नाही.

४ मार्च, घरी
बाबा स्टँडवरच्या हॉटेलात सगळ्यांना सांगत होते, "टोपली पोचली अन् पोराचं काम झालं."
ओरडून सांगावंसं वाटलं की मला येतं म्हणून घेतलं! पण मग टोपली कुठे गेली तेही सांगावं लागलं असतं. चहा पीत बसलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
घरी कुसुमताई आलेली. भाऊजी कामाला होते ती जिनिंग मिल दिवाळीपासून बंद. वाढता वाढता म्हणाली, "साहेब आपला झाला म्हंतेत बाबा. ह्याईचं बी पाय ना गा, बाबू."
"पाहतो," म्हटलं. काय पाहणार आहे मी? कपाळ?

११ मार्च
बाबा आणि भाऊजी हॉस्टेलवर हजर. नवी टोपली. भाऊजींच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. म्हटलं, साहेब गावाला गेलेत.
"मंग दाराशी बसू."
भाऊजी नळावर पाणी प्यायला गेले तेव्हा सांगून टाकलं. टोपली पोचलीच नाही, आम्हीच खाल्ली. वाटलं, एक ठेवून देतील. बाबांनी विचारलं,
"मंग तुले घेतलं कसं?"
चिडून नाही. खरंच विचारत होते. मला येतं म्हणून, एवढंच सांगायचं होतं. 
"जावयाम्होरं बोलू नको. कुसुमले शब्द देल्ला मी."
भाऊजी आले तशी टोपली स्वतःच डोक्यावर घेतली. "चाला जावईबुवा, त्याले परीक्षा हाय. आपनच जाऊ."
परीक्षा कसली? मी थांबा म्हटलं नाही. मागेही गेलो नाही.

११ मार्च, दिवेलागणीला
अजून आले नाहीत. परस्पर स्टँडवर गेले असतील. साहेबांनी टोपली ठेवून घेतली, की दारातूनच वाटेला लावलं, काही कळायला मार्ग नाही. मे महिन्यात मला त्याच साहेबांसमोर उभं राहायचंय.
बाबांनी त्यांना सांगितलं असेल का, मी अमक्याचा बाप म्हणून? सांगितलं नसेल तर बरं. ताईच्या घरात चूल पेटण्याचा प्रश्न, आणि माझ्या मनात आधी आलं ते हे. लिहायला लाज वाटते. तरी अजूनही तेच वाटतंय.