वर न केलेला हात

बाई, परवा रविवारी एका पोरीचा ओठ फुटला आणि तो माझ्यामुळे फुटला, म्हणून तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, तेव्हा हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगायचं तर आधी तुम्ही कोण, कशा होतात, ते समजावत बसावं लागेल. नवऱ्याला सांगितलं असतं तर म्हणाला असता, एवढ्याशा गोष्टीचा कसला बाऊ करतेस. एवढीशी नाहीये ती, बाई.

मी आता रेफ्री आहे. हसू नका. आठवडाभर चाकणच्या कंपनीत ब्रेकचे पार्ट तपासते आणि रविवारी कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलला शिट्टी गळ्यात घालून उभी राहते. मुलींच्या मॅचला दोनच प्रकारचे रेफ्री मिळतात, असं तुम्ही म्हणायचात. एकाची नुसता धक्का लागला तरी शिट्टी, जशा काही पोरी काचेच्याच आहेत. दुसरा काहीही झालं तरी वाजवणारच नाही, कारण पोरीच त्या, मारून मारून किती मारणार! दोघंही खेळाची वाट लावतात. पहिल्या पाच मिनिटांत कोपर खपलं की आज काय काय खपणार आहे ते पोरी बरोबर ओळखतात, आणि शेवटी कुणीतरी आडवं होतं. हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी परवा मोशीच्या बाजूच्या एका मैदानावर मी सुरुवातीलाच दोन फाऊल गिळले. का, तर आदल्या रविवारी एक कोच सगळ्यांदेखत मला म्हणाला होता, "मॅडम, मॅच आहे का शिट्ट्यांची स्पर्धा?" झोंबलं मला ते. म्हटलं, घ्या, खेळा कसं खेळायचं तसं. तिसऱ्या क्वार्टरला रिंगवरून उसळलेला बॉल पकडायच्या गर्दीत एका पोरीच्या तोंडावर कोपर बसलं. ओठ फुटला, दात हलला, जर्सीवर रक्त. तिची आई पायऱ्या उतरून आली, जरा लंगडतच, आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मॅडम, शिट्टी काय खिशात ठिवली व्हती का?" मी तोंड उघडणार तोच तिला ओळखलं. चऱ्होलीची ती, बाई. आपल्या फायनलमधली.

तुम्ही आमच्या कॉलेजच्या कोच होतात तेव्हाचा तुमचा तो नियम आठवतो ना? अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये त्याची चेष्टा व्हायची. रेफ्रीनं शिट्टी वाजवो न वाजवो, आपला धक्का लागला असेल तर आपण होऊन हात वर करायचा. बाकीच्या टीम आम्हाला 'हजेरीवाल्या' म्हणायच्या. आम्ही मैदानात उतरलो की बाकावरून ओरडायच्या, "हजर, बाई!" मी एकदा प्रॅक्टिसमध्ये कुरकुरले होते, की शिट्टीच वाजली नाही तर फाऊल कसला? तुम्ही म्हणालात, "अगं शहाणे, शिट्टी रेफ्रीची. कोपर कुणाचं?" आणि उन्हात मैदानाला दहा चकरा मारायला लावल्यात. तेव्हा मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले होते, ते आता लिहीत नाही.

फायनलच्या दिवशी निवड समितीचे दोघं टेबलामागे बसलेले. विद्यापीठाच्या टीममध्ये सेंटरची एकच जागा उरली होती, आणि ती मला मिळणार किंवा चऱ्होलीच्या त्या मुलीला. ती माझ्याहून सरस होती. हे मला आज सुचलेलं नाही, तेव्हाही कळत होतं. मला ती जागा मिळाली नसती तर आप्पा मला लातूरला आत्याकडे पाठवून लग्नाचं बघणार होते, तेही ठरल्यातच जमा होतं. रेफ्री सकाळपासून मजेत होता. "खेळा पोरींनो, खेळा," एवढंच त्याचं चाललेलं. दोन मिनिटं उरलीत. बॉल रिंगला लागून वर उडतो. ती उडी मारते, माझ्यापेक्षा हातभर उंच. मी बॉलकडे बघतच नाही. मी तिच्या पायांकडे बघते आणि ती हवेत असताना माझी कंबर तिच्या खाली सरकवते. ती सिमेंटवर पडते आणि तिच्या गुडघ्यातून जो आवाज येतो तो मला अजून नीट सांगता येत नाही. शिट्टी नाही. माझे दोन्ही हात खाली.

त्यांचे सर धावत आले, भांडायला लागले. रेफ्रीला काही दिसलंच नव्हतं, तो तुमच्याकडे आला. आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "माझ्या मुली हात वर करतात. तिनं केला नाही, म्हणजे धक्का लागला नसेल." संपलंच. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ऐकलं नसतं कुणी, पण तुमचा शब्द म्हणून सर गप्प झाले. ज्या नियमाला लोक हसत होते, त्यानंच मला वाचवलं. मी विद्यापीठाकडून खेळले. ती पुन्हा कधी खेळली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घरी जेवायला बोलावलंत. ओट्याशी उभ्या राहून भाकरी थापत होतात, पाठ माझ्याकडे. मी पाटावर बसून पिठल्यात बोट फिरवत होते. तुम्ही मागं न वळता विचारलंत, "धक्का लागला होता का गं?" मी म्हटलं, "नाही, बाई." तुम्ही "बरं" म्हणालात आणि गरम भाकरी माझ्या ताटात टाकलीत. मला वाटलं, सुटले. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून गेलात, आणि त्याचीच लाज वाटायची.

परवा मॅच संपल्यावर मी त्या पोरीच्या ओठाला बर्फ लावत बसले होते. तिची आई शेजारी येऊन बसली. राग ओसरला होता. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी त्या हजेरीवाल्या बाईंच्या टीममधल्या ना? सेंटरला व्हता." मी नुसती मान हलवली. वाटलं, आता ही सगळ्यांसमोर माझी लाज काढणार, आणि काढू दे, एकदाचं होऊन जाऊ दे. ती म्हणाली, "बाई आल्या व्हत्या की आमच्या घरी. मला पलस्तर घातल्यालं, आठवडा झाला असंल. डिंकाचं लाडू घिऊन आल्या. म्हणल्या, पोरीनंच पाठवलंय मला. तिची चूक तिला कळली हाय, पण यायचा धीर व्हत न्हाई तिला. आज ना उद्या यील."

बाई, तुम्ही कधी खोटं बोललेलं मी पाहिलं नव्हतं. स्कोअरर चुकून आपल्याला दोन पॉइंट जास्त देई, तेही तुम्ही टेबलाशी जाऊन परत करायचात. आणि माझ्यासाठी चऱ्होलीपर्यंत बस बदलत गेलात आणि तिच्या आईबापासमोर बसून खोटं बोललात. मला एका शब्दानं कळू दिलं नाहीत. वाट बघत होतात का हो, मी कधी आपण होऊन बोलेन याची? तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून उठले.

तिला मी एवढंच विचारू शकले, "मग?" ती हसली. "मग काय! दाराकडं बघत बसायची मी. लई दिस वाट बघितली तुमची. न्हाई आलात, पण निदान निरोप तरी धाडलात, म्हणून राग न्हाई धरला." मग तिनं लेकीच्या ओठाकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमीच पाठवलं व्हतं ना बाईंना?"

मी "हो" म्हटलं, बाई. लगेच म्हटलं. विचार करायलासुद्धा थांबले नाही.